नवोदित लोकशाहीतील निवडणुका आणि बाहेरची मदत : निरीक्षकांची पथके अधिक मोलाची की केंद्रावरचे निकालपत्र?

भीमातीर (धागाकर्ते)

नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला असताना केंद्राध्यक्ष म्हणून निवडणुकीची कामे केली आणि तेव्हापासून या विषयाची गोडी लागली. निवृत्तीनंतर इतर देशांतील निवडणुकांविषयी जे मिळेल ते वाचत आलो आहे. त्यातून माझे एक मत बनले आहे. ते इथे मांडतो. जाणकारांनी ते तपासून पाहावे.

ज्या देशात लोकशाही नुकतीच रुजू लागली आहे, त्याला बाहेरून देता येण्यासारखी सर्वांत उपयोगी मदत एकच आहे, असे मला वाटते. प्रत्येक मतदान केंद्राचा निकाल त्याच केंद्रावर, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर, सह्यांनिशी कागदावर उतरला पाहिजे आणि त्या कागदाची प्रत तिथल्या माणसांच्या हाती राहिली पाहिजे. परदेशी निरीक्षकांची पथके, संगणक, वाहने, मतपेट्या या सगळ्यांची गरज असते. परंतु हा कागद नसेल तर त्यांचा उपयोग फार तोकडा पडतो.

या मदतीच्या इतिहासात आपल्या देशाचे नाव फार आधीपासून आहे. भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी १९५१-५२ ची सार्वत्रिक निवडणूक पार पाडली. सुमारे १७ कोटी मतदार होते आणि त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. ते काम आटोपताच, १९५३ मध्ये, सेन सुदानच्या पहिल्या निवडणुकीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष झाले. त्या आयोगात तीन सुदानी सदस्य होते, तर ब्रिटन, इजिप्त आणि अमेरिका यांचा एकेक सदस्य होता. ब्रिटन आणि इजिप्त हे दोघेही सुदानवर हक्क सांगत होते, त्यामुळे त्यांपैकी कोणा एकाच्या हाती निवडणूक सोपवणे शक्य नव्हते. म्हणून नुकताच स्वतंत्र झालेला आणि स्वतः ती परीक्षा देऊन आलेला देश पंच म्हणून निवडला गेला. निवडणूक झाली, इस्माईल अल-अझहरी पंतप्रधान झाले आणि १ जानेवारी १९५६ रोजी सुदान स्वतंत्र झाला. नोव्हेंबर १९५८ मध्ये मात्र लष्कराने सत्ता घेतली. निवडणूक चांगली झाली म्हणजे लोकशाही टिकलीच असे होत नाही, ही गोष्ट तेव्हाच दिसून आली होती.

पुढे संयुक्त राष्ट्रांनी याहून कितीतरी मोठी कामे हाती घेतली. नामिबियात नोव्हेंबर १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी मार्टी अहतिसारी यांच्या देखरेखीखाली मतदान झाले आणि सुमारे ९७ टक्के मतदारांनी मत दिले. तिथल्या शांतिसेनेचे प्रमुख आपले लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद होते. कंबोडियात मे १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी निवडणूक स्वतःच घेतली. ख्मेर रूजच्या बहिष्काराला आणि धमक्यांना न जुमानता जवळजवळ ९० टक्के लोक मतदानाला आले. १२० पैकी ५८ जागा फुन्सिनपेक पक्षाला मिळाल्या आणि तेव्हा सत्तेवर असलेल्या हुन सेन यांच्या पक्षाला ५१. तरीही हुन सेन यांनी सत्ता सोडली नाही. तडजोड म्हणून देशाला दोन पंतप्रधान मिळाले आणि जुलै १९९७ मध्ये हुन सेन यांनी आपल्या सहपंतप्रधानांना बळाने हटवले. कंबोडियातील त्या साऱ्या मोहिमेवर सुमारे दीड अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला होता. मतदान बाहेरच्यांनी घेतले, पण बाहेरचे निघून गेल्यावर त्या मताची राखण करणारी यंत्रणा देशात उभी राहिलेली नव्हती.

आपल्याकडचा एक कागद मला नेहमी आठवतो, तो नमुना १७-सी. आपल्याकडे मोजणी केंद्रावर होत नाही. तरी मतदान संपताच यंत्राचा क्रमांक, नोंदली गेलेली एकूण मते आणि मोहोरबंद पट्ट्यांचे क्रमांक त्यावर लिहावे लागतात आणि हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला त्याची प्रत द्यावी लागते. अक्कलकोटकडच्या एका गावात दोन विरोधी पक्षांचे प्रतिनिधी दिवसभर एकमेकांशी बोलले नव्हते. संध्याकाळी आपापल्या प्रतीवरचा आकडा त्यांनी एकमेकांना वाचून दाखवला आणि मग दोघांनी प्रती घडी घालून खिशात ठेवल्या. त्या केंद्राविषयी पुढे कोणी तक्रार केली नाही. ज्या देशांत अशी प्रत मिळत नाही, तिथे आंतरराष्ट्रीय समुदायाने प्रथम तिचा आग्रह धरावा, असे मला वाटते. आपले मत काय?

पूर्वभागकर

सर, विषय सुरू केल्याबद्दल आभार. कागदाचा मुद्दा मला पटतो, पण त्याच्या आधीची एक पायरी सुटली असे वाटते. मतदाराला मत कसे द्यायचे, ते गुप्त राहते की नाही आणि ते कुठे मोजले जाते, हे त्याच्या भाषेत कळले पाहिजे. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी चालते. अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. मतदार जागृतीचे पत्रक एकाच भाषेत निघाले तर वयस्कर विणकर बायका ते बाजूला ठेवतात, हे आम्ही पाहतो.

या बाबतीत भूतानचे उदाहरण फार शिकण्यासारखे आहे. २००८ मध्ये तिथे नॅशनल असेंब्लीची पहिली निवडणूक झाली. त्याच्या आदल्या वर्षी सरकारने देशभर सराव निवडणूक घेतली. त्यासाठी निळा, हिरवा, लाल आणि पिवळा असे चार काल्पनिक पक्ष केले होते. पिवळा रंग राजाचा मानला जातो. त्या पक्षाने ४७ पैकी ४६ जागा जिंकल्या. निकाल काय लागला हे महत्त्वाचे नव्हते. रांग, ओळखपत्र, यंत्राचे बटण आणि मोजणी हे सगळे लोकांनी एकदा हाताळून पाहिले होते. यंत्रे भारताने दिली होती. ही मदत मला सर्वांत निरोगी वाटते, कारण तिच्यात निकालाशी कोणाचेच हितसंबंध गुंतलेले नव्हते.

गांबियातील पद्धतही सांगण्याजोगी आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या मतदारांसाठी तिथे १९६० च्या दशकापासून गोटीने मतदान होत आले. प्रत्येक उमेदवाराच्या रंगाचा आणि छायाचित्राचा एक पत्र्याचा पिंप असतो. मतदार आत गोटी टाकतो आणि ती आतल्या घंटेवर आपटते. दोनदा आवाज आला तर बाहेर बसलेल्यांना लगेच कळते. केंद्राजवळ सायकली आणू देत नाहीत, कारण सायकलच्या घंटीने घोटाळा होईल. डिसेंबर २०१६ मध्ये मोजणी त्या त्या केंद्रावरच झाली आणि बावीस वर्षे सत्तेत असलेले याह्या जामे हरले. युरोपीय संघाच्या निरीक्षकांना त्या वेळी येऊ दिले नव्हते. आधी पराभव मान्य करून जामे यांनी नंतर शब्द फिरवला, तेव्हा पश्चिम आफ्रिकेतील शेजारी देशांनी सीमेवर सैन्य आणून जानेवारी २०१७ मध्ये त्यांना देश सोडायला भाग पाडले. आपल्या मुद्द्याला यातून बळ मिळते, सर: आकडे गावोगाव आधीच जाहीर झालेले असल्यामुळे शेजाऱ्यांना कोणाच्या बाजूने उभे राहायचे याविषयी शंका नव्हती.

जुनी तहसील

महसूल खात्यात असताना साहित्य वाटप आणि जमा करण्याचे काम माझ्याकडे असे. म्हणून मी साहित्याच्या बाजूने थोडे लिहितो. बाहेरून येणाऱ्या मदतीचा मोठा वाटा साहित्याचाच असतो आणि तिथली लहानशी चूक सगळ्या निवडणुकीला भोवते.

अफगाणिस्तानात ९ ऑक्टोबर २००४ रोजी पहिली अध्यक्षीय निवडणूक झाली. काही केंद्रांवर बोटाला शाई लावण्याच्या पेनांची आणि मतपत्रिकेवर खूण करण्याच्या पेनांची अदलाबदल झाली. लावलेली खूण धुतली की निघून जाऊ लागली. दुपार होण्याच्या आत हमीद करझाई यांच्या विरोधी उमेदवारांनी बहिष्कार जाहीर केला. शेवटी परदेशी तज्ज्ञांची तीन सदस्यांची समिती नेमून तक्रारी तपासाव्या लागल्या. करझाई यांना ५५ टक्क्यांहून अधिक मते होती आणि उणिवांमुळे निकाल बदलत नाही असा निष्कर्ष निघाला. पण पहिल्याच निवडणुकीच्या पहिल्याच दिवशी जो संशय शिरला, तो एका पेनामुळे.

शाई हे सोपे काम नाही. आपल्याकडे १९६२ च्या निवडणुकीपासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातली शाई वापरली जाते आणि तीच पुढे अनेक देशांना पुरवली गेली. त्यात सिल्व्हर नायट्रेट असते. उजेड लागला की डाग काळा पडतो आणि नखावरचा डाग नख वाढेपर्यंत टिकतो. मात्र बोट आधी पुसून घ्यावे लागते, नख आणि कातडी या दोन्हींवर शाई लागली पाहिजे आणि ती वाळेपर्यंत मतदाराला पुसू द्यायची नसते. हे कर्मचाऱ्याला हात धरून शिकवावे लागते. बाटलीबरोबर कागद पाठवून भागत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की मदत उशिरा येते हीच तिची मोठी खोट आहे. मतदानाला दोन महिने उरले असताना निधी मंजूर होतो, खरेदीची घाई होते आणि प्रशिक्षण एका दिवसात उरकले जाते. मतदार यादी, केंद्रांची आखणी आणि कर्मचाऱ्यांची तयारी ही कामे दोन निवडणुकांच्या मधल्या शांत काळात करायची असतात आणि त्या काळात बाहेरच्या कोणाचे तिकडे लक्ष नसते.

सोलापूर ते नैरोबी

मी मूळचा नवी पेठेतला, नोकरीमुळे बरीच वर्षे केनियात आहे. निरीक्षक आणि निकालपत्र यांतील फरक या देशाने जगाला जितका स्पष्ट दाखवला तितका क्वचितच कोणी दाखवला असेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर इथे हिंसाचार उसळला. अकराशेहून अधिक माणसे मारली गेली आणि लाखो लोक घरांतून परागंदा झाले. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांनी इथे तळ ठोकून मध्यस्थी केली आणि फेब्रुवारी २००८ च्या अखेरीस समझोता झाला. त्यातून २०१० ची राज्यघटना आली, नवे न्यायालय आले आणि नवा निवडणूक आयोग आला. आंतरराष्ट्रीय मदतीचा हा सर्वांत यशस्वी भाग होता असे मी मानतो, कारण अन्नान यांनी निकाल कोणाच्या बाजूचा हे ठरवले नाही. पुढच्या वेळी वाद कुठे न्यायचा, ती जागा तयार होण्याला त्यांनी हातभार लावला.

८ ऑगस्ट २०१७ रोजी पुन्हा मतदान झाले. युरोपीय संघ, आफ्रिकी संघ, राष्ट्रकुल आणि कार्टर सेंटर अशी मोठी पथके आली होती. मतदान शांततेत झाले आणि दोन दिवसांत त्यांची प्राथमिक निवेदने आली. तक्रारी असतील तर न्यायालयात जा असे त्यांत म्हटले होते, पण एकंदर सूर समाधानाचा होता आणि वर्तमानपत्रांनी ते निवडणूक उत्तम झाल्याचे प्रशस्तिपत्र म्हणून छापले. इथे प्रत्येक केंद्राच्या निकालपत्राला ‘नमुना ३४-अ’ म्हणतात. केंद्राध्यक्षाने तो भरून, प्रतिनिधींच्या सह्या घेऊन, त्याचे छायाचित्र आयोगाकडे पाठवायचे असते. अध्यक्षपदाचा निकाल जाहीर झाला तेव्हा हजारो केंद्रांचे नमुने आलेलेच नव्हते, फक्त आकडे आले होते. विरोधक न्यायालयात गेले. न्यायालयाने आयोगाला आपले सर्व्हर तपासणीसाठी खुले करायला सांगितले, पण आयोगाने तो आदेश पुरता पाळला नाही. १ सप्टेंबर रोजी मुख्य न्यायमूर्ती डेव्हिड मरागा यांच्या न्यायपीठाने चार विरुद्ध दोन मतांनी ती निवडणूक रद्द केली. आफ्रिकेत असे प्रथमच घडले.

निरीक्षक खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. त्यांनी रांगा पाहिल्या, पेट्या पाहिल्या आणि जे पाहिले ते लिहिले. निकालात गडबड झाली ती मतदान संपल्यावर, कागद केंद्रातून राजधानीकडे जाताना, आणि तोवर बहुतेकांची निवेदने तयार होत आली होती.

२०२२ मध्ये आयोगाने सर्व ४६ हजारांहून अधिक केंद्रांचे नमुने छायाचित्रांसह संकेतस्थळावर टाकले. आमच्या कार्यालयातली मुले जेवणाच्या सुट्टीत आपापल्या गावचे केंद्र उघडून बघत होती. एकाने आपल्या प्राथमिक शाळेचा नमुना मोठा करून दाखवला. त्यावर केंद्राध्यक्षाच्या सहीखाली त्याच्या चुलत्याची प्रतिनिधी म्हणून सही होती. वृत्तवाहिन्या स्वतंत्रपणे बेरजा करत होत्या. निकाल अतिशय अटीतटीचा लागला, विल्यम रुटो यांना ५०.४९ टक्के मते मिळाली. आयोगाच्या सात सदस्यांपैकी चौघांनी निकालाची जबाबदारी नाकारली आणि तरीही देश पेटला नाही. सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम ठेवला. या खेपेला प्रत्येक शंकेसमोर धरायला एक कागद होता.

हुतात्मा चौक

मी थोडा विरोधी सूर लावतो, त्याबद्दल क्षमस्व. मदत या शब्दाखाली हस्तक्षेप चालतो हे आपण विसरू नये. आपल्या सोलापूर शहराने मे १९३० मध्ये लष्करी कायदा भोगला आहे आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व किसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर जाताना पाहिले आहे. तुम्ही राज्य करण्यास लायक नाही, असे बाहेरच्यांनी सांगणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. पैसा देणारा देश आपल्या पसंतीच्या पक्षाला प्रशिक्षण देऊ लागला, तर त्याला निष्पक्ष मदत कोण म्हणेल?

याची दुसरी बाजूही आहे. सत्ताधारी स्वतःच सोयीचे पाहुणे बोलावून घेतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये अझरबैजानात मतदानाच्या आदल्या दिवशीच आयोगाच्या मोबाइल ॲपवर ‘निकाल’ झळकला. ती चाचणी होती असा खुलासा झाला. त्या निवडणुकीत युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या दीर्घकालीन निरीक्षकांनी गंभीर दोष नोंदवले, तर युरोपातल्याच संसद सदस्यांच्या पथकाने थोड्या दिवसांच्या मुक्कामानंतर ती खुली आणि न्याय्य ठरवली. मग यजमान सरकारने कोणते निवेदन दूरचित्रवाणीवर दाखवले असेल, हे सांगायला नको.

ऑक्टोबर २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत निरीक्षणाची तत्त्वे जाहीर झाली. निरीक्षकाने मतदानाच्या आधीपासून नंतरपर्यंत सर्व प्रक्रिया पाहावी, यजमान देशाच्या कायद्याचा मान राखावा आणि आपला निधी कोठून येतो हे उघड करावे, असे त्यांत आहे. ती पाळणाऱ्यांनाच निरीक्षक म्हणावे, एवढी माझी मागणी आहे.

न्यायवाचक

हुतात्मा चौक यांची शंका रास्त आहे. म्हणूनच मला न्यायालयांचा मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो. तिथे निर्णय त्या देशाचाच असतो आणि बाहेरच्यांना फक्त त्या व्यवस्थेला बळ देता येते. मी कायद्याचे शिक्षण घेते आहे. दोन निकाल आवर्जून वाचावेत असे आहेत.

पहिला मलावीचा. मे २०१९ च्या निवडणुकीत पीटर मुथारिका ३८.५७ टक्के मते घेऊन विजयी घोषित झाले. नंतर निकालपत्रांच्या प्रती बाहेर आल्या, तेव्हा अनेकांवरचे आकडे पांढऱ्या शाईने झाकून त्यावर नवे लिहिलेले आढळले. आपण कार्यालयात जिला व्हाइटनर म्हणतो, तीच ही शाई. तिथले लोक त्या निवडणुकीला त्या शाईच्याच नावाने ओळखू लागले. कित्येक महिने रस्त्यावर निदर्शने चालली. ३ फेब्रुवारी २०२० रोजी निकाल द्यायला पाच न्यायाधीश लष्करी बंदोबस्तात, बंदुकीच्या गोळ्या अडवणारी जाकिटे घालून न्यायालयात आले आणि निवडणूक रद्द केली. विजयासाठी निम्म्याहून अधिक मते हवीत असेही त्यांनी ठरवले. जूनमध्ये फेरनिवडणूक झाली आणि लाझारस चाक्वेरा निवडून आले. करोनामुळे तेव्हा परदेशी निरीक्षक फारसे आलेच नव्हते. आधीची निवडणूक निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत झाली आणि रद्द ठरली. नंतरची जवळजवळ त्यांच्याविना झाली आणि टिकली. निरीक्षक निरुपयोगी आहेत असा अर्थ मी काढत नाही. परंतु पत्रकांवरचा तो पांढरा थर पुराव्यानिशी न्यायालयापुढे आला, तो तिथल्याच पक्षांनी आणि नागरिकांनी आणला म्हणून.

दुसरा निकाल नामिबियाचा आणि त्यात आपला संबंध आहे. २०१४ मध्ये त्या देशाने भारतात तयार झालेली मतदान यंत्रे वापरली. आफ्रिकेत ती पहिलीच वेळ होती. यंत्रांबरोबर पडताळणीचा कागद मात्र नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कागदी नोंदीशिवाय यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला. २०१९ चा निकाल त्यांनी रद्द केला नाही, पण पुढे कागदाशिवाय मतदान नको असे सांगितले. साहित्य देणाऱ्या देशाने यंत्राबरोबर पडताळणीची सोयही दिली पाहिजे, हे आपण यातून घ्यावे.

माळशिरसकर

वरील मुद्दा आमच्या तालुक्यातही लोकांनी आपापल्या परीने मांडला होता. डिसेंबर २०२४ मध्ये मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी आपल्या गावातील आकड्यांविषयी शंका घेऊन स्वखर्चाने मतपत्रिकेवर सराव मतदान घेण्याचे ठरवले होते. प्रशासनाने त्याला कायद्याचा आधार नसल्याचे सांगत मनाई केली आणि ते झाले नाही. कोणाचे बरोबर, यावर वेगळा धागा काढता येईल. इथे तो वाद नको. मला एवढेच नोंदवायचे आहे की सत्तर वर्षांहून जुन्या लोकशाहीतही गावकऱ्याला स्वतः पडताळून पाहावेसे वाटते. मग पहिल्यांदाच मत देणाऱ्या देशातील माणसाला परदेशी पाहुण्यांच्या निवेदनावर विसंबून राहा असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

भीमातीर (धागाकर्ते)

सर्वांचे मनापासून आभार. पूर्वभागकर यांनी सांगितलेली मतदारांच्या सरावाची पायरी आणि जुनी तहसील यांनी सांगितलेला मधल्या शांत काळाचा मुद्दा, हे दोन्ही मी माझ्या मूळ मांडणीत घेतो. हुतात्मा चौक यांच्या आक्षेपावर माझे उत्तर असे आहे की पक्षांना नव्हे तर केंद्राध्यक्षांना आणि सर्व पक्षांच्या प्रतिनिधींना एकाच खोलीत बसवून प्रशिक्षण दिले, तर पक्षपाताला फारसा वाव उरत नाही.

हे काम करायला आपल्या देशात जागा आहे. निवडणूक आयोगाची प्रशिक्षण संस्था जून २०११ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि अनेक देशांचे निवडणूक अधिकारी तिथे शिकून जातात. संयुक्त राष्ट्रांच्या लोकशाही निधीच्या २००५ मधील स्थापनेत भारताने पुढाकार घेतला होता आणि तेव्हा १ कोटी डॉलर दिले होते. स्टॉकहोम येथील लोकशाही व निवडणूक साहाय्य संस्थेचाही भारत संस्थापक सदस्य आहे. म्हणजे पैसा, संस्था आणि अनुभव या तिन्ही गोष्टी आपल्याकडे आहेत.

माझ्या मते त्या प्रशिक्षणात वरिष्ठ अधिकाऱ्यांबरोबर केंद्रावर बसणारी माणसेही यायला हवीत आणि किमान एक पूर्ण दिवस फक्त निकालपत्र भरण्यासाठी राखून ठेवायला हवा. बेरीज चुकली तर काय करायचे, खाडाखोड झाली तर शेजारी कोणाकोणाची सही घ्यायची, नवे पत्रक काढल्यास रद्द केलेले पत्रक कोणत्या पाकिटात बंद करायचे, प्रतिनिधीने सहीला नकार दिला तर ते कुठे नोंदवायचे आणि विजेरीच्या उजेडात, दमलेल्या हाताने, सगळे घाई करत असताना शेवटची प्रत वाचता येईल अशी कशी काढायची, हे सगळे त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा करून घ्यावे. जुनी तहसील यांना विनंती आहे की साहित्य जमा करतानाच्या पाकिटांचा क्रम त्यांनी सवडीने इथे लिहावा. तो नैरोबीच्या आपल्या मित्रांमार्फत तिथल्या कार्यकर्त्यांपर्यंतही पोहोचवता येईल.